तपासणीचा ठिपका

१

दर पंधरा दिवसांनी उंचीची फाइल येते. टेकडीपासून नदीपर्यंत ड्रोन फिरवतात, तो खालची उंची मोजत जातो आणि त्या लाखो आकड्यांचा गठ्ठा माझ्या कॉम्प्युटरवर येऊन पडतो. जुन्या फाइलीतून मी नवी वजा करते. जिथे काही बदललं नाही तिथे पांढरं, जमीन खचली असेल तिथे निळं. मग पूर, घसरण, खचण सगळं एकावर एक ठेवून मी नकाशात रंग भरते. हिरवा म्हणजे खुशाल घर बांधा, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे वीटसुद्धा ठेवू नका. जिल्ह्याचा आराखडा याच रंगांवर ठरतो. एकवीस वर्षं मी हे करते आहे, आणि माझं काम चोख असतं हे मोठे साहेबही मान्य करतात, फक्त मोठ्याने करत नाहीत.

माझ्या धाकट्या जावेनं टेकडीखाली घर घेतलं तेव्हा सगळ्यांच्या आधी मी तो तुकडा नकाशावर उघडून पाहिला होता. खोटं कशाला बोलू, लाल निघावा असं वाटत होतं. निदान पिवळा. निघाला हिरवागार.

"ताई, तुम्ही बघितलंत ना? मग मला कसली काळजी!" असं म्हणत तिनं माझ्या गळ्यात हात टाकले. तिचं हे असं असतं. माणसाला रागवायलासुद्धा जागा ठेवत नाही.

सासूबाई सतरा वर्षं माझ्याकडे होत्या. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन, पथ्यं, रुसवेफुगवे, सगळं मी निस्तरलं. धाकटीचं घर झालं तशा "चार दिवस जाऊन येते" म्हणून गेल्या आणि तिकडेच रमल्या. माझ्याकडे त्यांना चार पायऱ्या चढवत नव्हत्या, तिच्याकडे गच्चीवर कुंड्या लावतात. माझी लेक दहावीला. शनिवार उजाडला की दप्तर उचलून काकूकडे पळते. तिथे म्हणे अभ्यास होतो. आणि नवरा धाकटीशी फोनवर बोलताना जो हसतो, ते हसू मी लग्न ठरलं त्या वर्षी शेवटचं ऐकलं होतं. त्यात वावगं काही नाही. धाकटीशी बोलताना सगळेच हसतात. दीर परगावी नोकरीला, तोसुद्धा तिकडून हसत असेल.

२

आमच्याकडे नियम असा की प्रत्येक फाइलीसाठी एक घर निवडायचं, नकाशावर त्याच्यावर तपासणीचा ठिपका ठेवायचा, आणि फाइल आली की प्रत्यक्ष जाऊन मोजून ती खरं बोलते का ते बघायचं. घर कुठलं ते माझ्यावर असतं. मी फारसा विचार न करता कुठेतरी टिचकी मारते. त्या वेळी ती बाजारामागच्या गल्लीत, टेलरकाकांच्या घरावर पडली.

फाइल आली. वजाबाकी केली. ठिपक्याखाली बरोबर एक निळा डाग होता.

डाग लहानच होता, बारा बाय दहा फूट. पण त्याला चार सरळ कोपरे होते. जमीन खचते ती वेडीवाकडी खचते, गवंड्यासारखा गुण्या लावून खचत नाही. मी डागावर टिचकी मारून खोली बघितली. चाळीस फूट. म्हणजे चार मजले.

दुसरी गोष्ट लक्षात आली ती चहा पिताना. ड्रोनला वरून छप्पर दिसतं. घरातली जमीन त्याला दिसणारच कशी? मी पुन्हा बघितलं. छप्पर जागच्या जागी होतं, एक बोटसुद्धा हललं नव्हतं. निळं होतं ते छपराच्या खाली.

"यंत्राचा दोष," मी मोजणीदारांना सांगितलं. मोजणीदार निवृत्तीला आलेले. जिल्ह्यातली अर्धी कुंपणं त्यांच्या टेपनं मोजलेली.

"असेल की मॅडम," ते म्हणाले. "जाऊन बघू. तेवढेच पाय मोकळे होतील."

३

टेलरकाकांच्या बायकोनं, मावशींनी, दार उघडलं आणि आम्हाला भिंतीकडेनं आत घेतलं. "इकडून या," म्हणाल्या. खोली साधीच. शिवणाचं मशीन भिंतीला, पलंग भिंतीला, कपाट भिंतीला. मध्ये नुसती फरशी, आणि त्या फरशीवर आमच्याकडे पाठ करून बसलेले काका. मावशींनी चहा आणला तोसुद्धा खोलीला वळसा घालून.

"मधून का नाही येत?" मी विचारलं.

"लांब पडतं," त्या म्हणाल्या.

मोजणीदारांनी फरशीवर लेव्हल ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये. जमीन सपाट. मग त्यांनी भिंतीलगत टेप धरला. बारा फूट, नकाशात होती तितकीच. मग टेपचं टोक माझ्या हातात देऊन ते भिंतीभिंतीनं समोर गेले आणि टेप खोलीच्या मधून, काकांच्या बाजूनं, फरशीला टेकवून ओढायला लागले. टेप तीस फुटी होता. तो सगळा सुटला, शेवटी आतली कडी खट्कन वाजली, आणि तरी मोजणीदारांचा हात भिंतीपर्यंत पोचला नव्हता.

"टेप झोळ देतोय," मी म्हणाले.

"फरशीला टेकलाय मॅडम. बघा ना."

टेकला होता. पिवळी पट्टी फरशीवर सरळ पडली होती. मी त्यावरचे आकडे वाचायचा प्रयत्न केला. मधले आकडे फार बारीक होते.

"तीन दिवस झाले, हे असेच बसलेत," मावशी हळू आवाजात म्हणाल्या. "जेवायला हाक मारली की ओ देतात. निघतातही. पण येईपर्यंत ताट निवून जातं."

काका बसले होते तिथून मावशींच्या स्वयंपाकघराचं दार पाच पावलांवर होतं.

ऑफिसला येऊन मी तपासणीच्या रकान्यात लिहिलं : यंत्राचा दोष. दुसऱ्या दिवशी मोजणीदार म्हणाले, "तो टेप मी कपाटात टाकलाय. दुसरा मागवा." आणि रजेचा अर्ज माझ्या टेबलावर ठेवला.

४

पुढच्या फाइलीसाठी मी ठिपका मुद्दाम बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीवर ठेवला. तिथे माणूसबिणूस कोणी नाही. दार गंजून बसलंय. फाइल आली तेव्हा टेलरकाकांचं घर पांढरं होतं आणि गिरणी निळी. कोपरे चार, गिरणीच्या खोलीला साजेसे.

दोनदा घडलं म्हणजे योगायोग. मी स्वतःला असंच समजावलं. आकड्यांची माणसं आम्ही, दोन आकड्यांवरून रेघ ओढत नाही. तरी संध्याकाळी घरी जाताना पाय टेलरकाकांच्या गल्लीत वळले.

काका उठले होते. मशीनवर बसून कोणाच्या तरी बाह्या जोडत होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शिवण कुठे चुकत नव्हती.

"आता बरं वाटतंय ना?" मी विचारलं.

"बरं आहे," ते म्हणाले. मशीन थांबवून म्हणाले, "खालून हाक यायची हो. नाव घेऊन. लहानपणी घरात मला जे म्हणायचे ते नाव. ते माहीत असलेलं आता कोणी उरलं नाही. आणि काय माया त्या हाकेत! माझ्यावाचून तिथे सगळ्यांचं अडलंय असं वाटायचं."

"कोण होतं?"

"दिसलं नाही. मी उतरतच होतो. चालत होतो, चालत होतो, आणि मग एकदम फरशी आली." त्यांनी चपलेच्या टोकानं जमिनीवर टकटक केलं. "आता बोलावतच नाहीत."

मला भीती वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण घरी परतताना डोक्यात एकच विचार होता, की मला अशी हाक कोणी कधी मारली? घरात मला हाक मारतात ती टॉवेल सापडत नसला की.

५

त्याच्या पुढच्या रविवारी लेक जेवताना म्हणाली, "आई, परीक्षा होईपर्यंत मी काकूकडे राहू?"

"का? इथे काय खुपतंय?"

"खुपत नाही गं. तिथे बरं वाटतं."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो ताटात बघत म्हणाला, "जाऊ दे की. तिकडे हसते तरी."

मी उठले. ताटं उचलली, भांडी घासली, लेकीची बॅग भरून दिली. तिच्या शाळेच्या मोज्यांच्या जोड्यासुद्धा लावून दिल्या. ती जिना दोन दोन पायऱ्या गाळत उतरत गेली. वळून बघितलं नाही.

सोमवारी ऑफिसला सगळ्यांच्या आधी पोचले. नकाशा उघडला. टेकडीखालचं ते घर शोधायला लागलं नाही, हात आपोआप गेला. मी मनाशी म्हटलं, त्या जागेला हिरवा रंग मी दिला होता, तो तपासणं माझं कामच आहे. शिवाय योगायोग की आणखी काही, ते कळायला तिसरा आकडा हवाच. असं सगळं रीतसर बोलून झाल्यावर मी धाकटीच्या हॉलच्या मधोमध ठिपका ठेवला आणि जतन केलं.

लेक त्या घरात आहे हे मला ठाऊक होतं. विसरले होते असं मी म्हणणार नाही.

६

गुरुवारी ड्रोन फिरला. शुक्रवारी फाइल आली, ती मी उघडलीच नाही. शनिवारी सकाळी फोन केला. सासूबाईंनी उचलला.

"धाकटीला द्या ना."

"देते हं. हॉलमध्येच आहे." मग लांबून, तोंडावरचा फोन बाजूला करून, "अगं, ताईचा फोन!"

धाकटीनं ओ दिली. मग पावलं ऐकू यायला लागली. अनवाणी पावलं फरशीवर, नेहमीच्या चालीनं. सासूबाई म्हणाल्या, "आली, आली." पावलं येत राहिली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी होते. सहा मिनिटं पावलं येत राहिली. जवळ आली नाहीत आणि थांबलीही नाहीत. मधेच सासूबाई पुन्हा म्हणाल्या, "आली हं," अगदी कौतुकानं, रांगत्या मुलाकडे बघत म्हणावं तसं.

मी फोन ठेवून रिक्षा केली.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत सोफा भिंतीला, टेबल भिंतीला, टीव्ही काढून कोपऱ्यात ठेवलेला. एका भिंतीला टेकून सासूबाई बसल्या होत्या, दुसऱ्या भिंतीला माझी लेक, मांडीवर पुस्तक उघडं. दोघींची तोंडं हॉलच्या मध्याकडे.

मध्ये धाकटी होती.

आमचं ऑफिस चौथ्या मजल्यावर आहे. खिडकीतून खाली बघितलं की रस्त्यावरची माणसं दिसतात : डोक्याचा भांग, खांदे, पुढे मागे होणारी पावलं. धाकटी मला तशी दिसली. फरशी सपाट होती, हे मी शपथेवर सांगते. फरशांच्या रेघा उंबरठ्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत सरळ गेल्या होत्या. फक्त मध्ये जाईपर्यंत त्या फरशा नखाएवढ्या झाल्या होत्या, आणि त्यांच्यावर ती उभी होती.

तिनं वर बघितलं. हात केला. तिचे ओठ हलून बंद झाले, आणि मग आवाज आला. "ताई, आलात?"

तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगायची लाज वाटते. मनात आलं, या दोघी माझ्याकडे कधी अशा बघत बसल्या नाहीत.

"आई," लेक माझ्याकडे न बघता म्हणाली, "काकू एकटीच आहे खाली. मी जाऊन येऊ?"

पुस्तक बाजूला ठेवून तिनं पाय पुढे टाकला. मी उंबरठ्यावरून झेप घेतली, भिंतीला घासत गेले आणि तिचं मनगट धरलं. इतकं घट्ट, की ती कळवळली. सासूबाईंना म्हटलं, "उठा. गच्चीवर जाऊन बसा. दोघी. मी येईपर्यंत खाली उतरायचं नाही."

"आणि तिला सोडून?" सासूबाई म्हणाल्या.

"तिचंच बघायला चाललेय मी."

७

शनिवारचं ऑफिस बंद होतं. पहारेकऱ्याला किल्ली मागून वर गेले. ड्रोनवाल्याला फोन केला, खोटं बोलले, साहेबांना तातडीनं फाइल हवी म्हणून सांगितलं. तो कुरकुरत दुपारी फिरवतो म्हणाला.

ठिपका हलवायचा होता. गिरणी होती की. ओसाड, गंजलेली, कोणाचं काही न बिघडवता सगळं गिळणारी. माऊस मी तिथे नेलासुद्धा. बोट बटणावर होतं.

पण ते बोट खाली गेलं नाही. मला टेलरकाकांचे डोळे आठवले. धाकटीकडे बघणाऱ्या त्या दोघी डोळ्यांपुढून हलेनात. वाटलं, तिला हे पण मिळालं. खालून हाक आणि वरून डोळे. आणि मी पुन्हा सगळ्यांचं निस्तरून भांडी घासायला मोकळी.

मी माऊस उचलला, आमची इमारत शोधली, आमचा फ्लॅट, त्यातली आमची झोपायची खोली. तिथे ठिपका ठेवला.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. धाकटी चालत चालत आली आणि सोफ्यावर येऊन पडली म्हणे. अंगात ताप होता. मग काय विचारता! नवऱ्यानं आठवड्याची रजा काढली. लेक तिच्या उशाशी. दीर मिळेल त्या गाडीनं निघाला. मोजणीदारांनीसुद्धा, कुठून कळलं देव जाणे, फळं धाडली.

मी रविवारी सकाळी गेले तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. खोलीत कोणी नाही असं बघून मी विचारलं, "हाक येत होती?"

तिनं मान हलवली. "माझं नाव घेऊन, ताई. किती प्रेमानं, तुम्हाला काय सांगू."

"मग?"

"मग काय? मी सांगितलं, मला नाही यायचं. घरी सगळे आहेत माझे." तिनं माझा हात हातात घेतला. तिचा हात गरम होता. "तुम्ही दारात दिसलात ना, तेव्हा धीर आला बघा."

हिच्यावर रागवायचं तरी कसं, सांगा.

८

मी घरी आले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. घरात मी एकटी. झोपायच्या खोलीचं दार उघडलं. पलंग आपल्या जागी, कपाट आपल्या जागी, खिडकीतून ऊन फरशीवर पडलेलं. मी मनात म्हटलं, ड्रोनवाल्यानं काल फिरवलाच नसेल. नाहीतर सगळं यंत्राचंच असेल, आणि धाकटीला साधा ताप. तरी पलंग ओढून भिंतीला लावला. कपाट सरकवलं. आरशाचं टेबलही. घाम आला. मग मी खोलीच्या मधोमध जाऊन बसले.

सुरुवातीला काहीच नव्हतं. वरच्या मजल्यावर कोणीतरी बादली भरत होतं. लिफ्टचं दार वाजलं. खाली रस्त्यावर रिक्षा सुरू व्हायला नकार देत होती. मला हसू यायला लागलं. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, हातात काम नाही म्हणून फरशीवर मांडी घालून बसली आहे.

मग लक्षात आलं की बादली अजून भरतेच आहे, पण पाण्याचा आवाज पलीकडच्या इमारतीतून यावा तसा येतो आहे. रिक्षा तर ऐकूच येत नव्हती. उन्हाचा चौकोन मघाशी माझ्या गुडघ्याला लागून होता. आता तो कुठेतरी वर, खिडकीसकट, पोस्टाच्या तिकिटाएवढा झाला होता. मी तळहात खाली टेकवला. फरशी होती. थंड, सपाट, पक्की.

खालून हाक आली.

टेलरकाका खरं सांगत होते. आयुष्यात असा आवाज मी ऐकला नव्हता. बाईचा की पुरुषाचा, सांगता येत नाही. त्यात घाई नव्हती. कोणीतरी दिवे लावून, पानं मांडून, दारात उभं राहून किती काळ वाट बघत असावं, आणि तरी रागावलेलं नसावं, असा तो आवाज होता. माझ्या अंगावर काटा आला आणि डोळे भरले, दोन्ही एकाच वेळी. मी माझं नाव ऐकायला श्वास रोखून बसले.

ते माझं नाव नव्हतं.

पुन्हा हाक आली. स्पष्ट होती. दोन अक्षरी नाव, शेवटचं अक्षर लांबवलेलं. आमच्या घरात दिवसातून पन्नास वेळा घेतात ते नाव. धाकटीचं.

मी थांबले. तिसऱ्यांदा आली, जास्तच मायेनं. तिनं नाही म्हटलं होतं, तरी ते तिलाच बोलावत होते. मी तिच्या जागी येऊन बसले होते, माझ्या घरात, माझ्या खोलीत, आणि इथेही ते तिचीच वाट बघत होते.

चौथी हाक आली तेव्हा मी ओ दिली.

तिच्यासारखी दिली. तिचा तो हेल, ते हसू आवाजात घेऊन. इतकी वर्षं ऐकत आले आहे, मला तो जमतो.

खालचा आवाज थांबला. कोणीतरी कान देऊन ऐकावं तशी शांतता पसरली. आणि मग पायाखाली, खूप खोलवर, पावलं वाजायला लागली. पुष्कळ पावलं. ती वर येत होती.

त्याच वेळी, कुठेतरी लांब वर, बाहेरच्या दाराचं लॅच उघडलं. लेक असणार, पुस्तक न्यायला आली असणार. तिच्या चपला वाजल्या, बाहेरच्या कपाटाचं दार वाजलं, मग ती खोलीच्या उंबरठ्यावर येऊन उभी राहिली. मोहरीएवढी. तिचे ओठ हलले. मी वाट बघत राहिले, आणि कितीतरी वेळानं तिचा आवाज माझ्यापर्यंत आला.

"काकू, आई कुठेय?"